परसातील झाडतोड (शिरूर–दौंड)

परसातील झाडतोड : घराच्या परसात, वाड्याच्या चौकात किंवा दोन भिंतींमधल्या बोळात उभे असलेले, क्रेन वा जेसीबी जिथवर पोहोचत नाही असे झाड अंगमेहनतीने तुकड्या-तुकड्यांनी उतरवून बाहेर काढण्याचे काम. येथे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड तालुक्यांपुरता विचार केला आहे. वनविषयक लेखनात ‘तोड’ म्हणजे जंगलातली किंवा बांधावरची. तिथे झाड पाडायचे असते. परसात झाड पाडायला जागाच नसते, ते उतरवावे लागते. दोन्ही कामांतला खरा फरक एवढाच असला, तरी बाकीचे सारे फरक त्यातूनच निघतात.

परिसर व झाडे : दोन्ही तालुके पर्जन्यछायेत असून वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिमी. आहे. घोड नदीकाठचे शिरूर (घोडनदी), भीमाकाठचे दौंड आणि आसपासची जुनी गावठाणे यांत कडुनिंब, चिंच, बाभूळ व उंबर ही मूळची झाडे. चासकमान व मुठा उजवा कालवा यांचे पाणी आल्यावर परसात नारळ, आंबा व खोटा अशोक आले. पुढे रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे भाडेकरूंसाठी खोल्या बांधण्याची लाट आली. कारेगाव, शिक्रापूर, सणसवाडी या भागांत एकेकाळी मोकळ्या अंगणात लावलेले झाड तिन्ही बाजूंनी भिंतींत कोंडलेले सापडते. अडचणीची जागा बहुधा झाडाच्या नंतर तयार होते.

हत्यारे : कुऱ्हाड, कोयता, दोन मुठींची करवत, पहार, टिकाव, घण, पाचरी आणि दोर. कुऱ्हाडीची धार लोहाराने दिलेल्या पाण्यावर अवलंबून असते. पाणी जास्त झाले तर धार तुटते, कमी झाले तर वाकते. गेल्या काही दशकांत पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत आली; तोडकरी तिला ‘कटर’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. तिने वेळ वाचला, पण परसातल्या झाडांत तिचा एक शत्रू दडलेला असतो. कपडे वाळत घालायच्या तारेचे खिळे, गुरे बांधायच्या कड्या, जुन्या पाटीचे स्क्रू यांवर वर्षानुवर्षे साल चढत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खिळा लागला की साखळीचे दात क्षणात बोथट होतात आणि गोल कानस घेऊन बसावे लागते. म्हणून बुंध्याच्या छातीइतक्या उंचीच्या भागावर अनुभवी माणूस आधी कुऱ्हाडच घालतो. मशीनच्या पात्याचे टोक लाकडात अडकले तर ते माघारी उसळते. झाडावर एका हाताने मशीन चालवणे हा या कामातला सर्वांत वाईट आणि सर्वांत सर्रास दिसणारा प्रकार आहे.

कामाची रीत : चढणारा एक, दोर धरणारे दोघे-तिघे आणि माल ओढणारे बाकीचे, अशी साधारण टोळी असते. खालच्या फांद्या आधी, शेंडा शेवटी. मग खोड वरून खाली, असा क्रम. शेंडा राखण्याचे कारण असे की दोर अडकवायला वरचे बेचके लागते. फांदीला दोर बांधून तो वरच्या बेचक्यातून खाली सोडतात. खालचा माणूस दुसऱ्या टोकाला बुंध्याभोवती दोन-तीन वेढे देतो; भार त्या वेढ्यांवर बसतो आणि हाताला फक्त ढील सोडायची असते. नुसत्या हातांनी दोर धरला तर तळवे सोलतात. फांदीला खालून आधी थोडी खाच देतात आणि मग वरून कापतात. तसे न केल्यास ती तुटताना साल सोलत, खोड चिरत येते आणि चढलेल्या माणसाच्या पायावर आदळू शकते. कडुनिंबाची फांदी त्यातल्या त्यात भरवशाची, चिंचेची चिवट. शेवग्यावर शहाणा माणूस चढत नाही, शिडी लावतो. नारळाला फांदीच नसल्याने दोर अडकवायला काही मिळत नाही. झावळ्या आधी उतरवून खोडाचे वरून हात-दीड हाताचे तुकडे पाडत खाली यावे लागते.

खरे कष्ट यापुढचे. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण एक टन धरले, तर ६० सेंमी. व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका सुमारे २८० किलो भरतो. तो बोळातून गडगडत नेता येत नाही, कारण मध्ये उंबरा, मोरी आणि पाण्याची टाकी असते. म्हणून त्याच्या वीतभर जाडीच्या चकत्या करतात. एक चकती साठ-पासष्ट किलोची. ती डोक्यावर चुंबळ ठेवून किंवा दोघांत बांबू घालून बाहेर नेतात. म्हणजे तोड जितकी बारीक, तितकी वाहतूक सोपी, पण लाकूड तितकेच कवडीमोल. फळीला लांबी लागते आणि परसातून लांबी बाहेर येत नाही.

बुडखा काढणे हे वेगळे काम मानले जाते व त्याची बोली वेगळी होते. भोवती खणून मुळ्या तोडतात, किंवा जागेवरच गोवऱ्या रचून तो जाळतात. बुंध्यात हिंग भरल्यास झाड फुटत नाही, असा समज रूढ आहे.

मजुरी व लाकूड : काम बहुधा उक्ते घेतात. रस्त्याकडेच्या कडुनिंबासाठी वखारवाला मालकाला पैसे देतो; तेच झाड परसात असले तर मालकालाच तोडकऱ्याला पैसे मोजावे लागतात. लाकूड कोणाचे, यावर कामाआधी बोलणे झाले नसेल तर कामानंतर भांडण ठरलेले. वखारीतून हे लाकूड हॉटेले, भट्ट्या व स्मशानभूमीकडे जाते. चिंचेचा जाड ठोकळा खाटीक घेतात. पाला शेळ्यांना, बाभळीच्या फेसाट्या कुंपणाला. फांद्या ओढणे, मोळ्या बांधणे व अंगण झाडून देणे ही कामे स्त्रिया करतात. मोबदला पुष्कळदा सरपणाच्याच रूपात मिळतो आणि मजुरीच्या हिशेबात धरला जात नाही.

कायदा : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत १६ प्रकारची झाडे आहेत : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ व खारफुटी. त्यांपैकी या परसांत भेटणारी चिंच, आंबा, जांभूळ, क्वचित फणस व चंदन. या झाडांसाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; ग्रामपंचायतीचा दाखला तिची जागा घेत नाही. कडुनिंब, बाभूळ व नारळ अनुसूचीत नाहीत. शिरूर व दौंड नगरपरिषदांच्या हद्दीत मात्र महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि तिथे कडुनिंबालाही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जास्त वयाचे झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. चाळीस वर्षांच्या कडुनिंबाबद्दल चाळीस रोपे त्याच परसात लावणे अर्थातच शक्य नसते.

समजुती : वड, पिंपळ व उंबर तोडायला टोळ्या सहसा नकार देतात, पिंपळावर मुंजा असतो असे मानतात. नारळ फोडून, झाडाची क्षमा मागून काम घेणारेही आहेत.

वीज : तार जवळ असल्यास महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो.

अपघात व नोंदणी : पडणे, कापणे व डोळ्यांत भुसा जाणे हे नेहमीचे. २०२१ पासून ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नोंदणी करता येते.

रेल्वे हद्द : दौंड जंक्शनच्या वसाहतीतील झाडांसाठी रेल्वे प्रशासनाची संमती आवश्यक.