मागच्या खिडकीतलं जेवण

माझे वडील जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हटलं की आपल्याकडे कुणाला आडनाव आठवतं, कुणाला जात आठवते. पण गोदीतल्या भाषेत भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. अधिकाऱ्यांचा स्वयंपाक वेगळा, त्यांचं जेवणघर वेगळं. आमचे अब्बा खलाशांसाठी भात, डाळ आणि मासळीचं कालवण रांधायचे. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातले कितीतरी पुरुष तेव्हा असेच दर्यावर असत.

अब्बांना हॉटेलात जेवणं आवडत नसे. रजेवर आले की आम्ही मुलं मुंबईत त्यांच्या मागे लागायचो. ते म्हणायचे, "रांधणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे. मग जेवण गोड लागतं." यामागे एक हकिगत होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही हसत हसत.

1960 च्या मे महिन्यात भारत आणि अमेरिका यांच्यात एक करार झाला. भारताच्या वतीनं सही करणारे अन्नमंत्री आपल्या मुंबईचे स. का. पाटील. चार वर्षांत 1 कोटी 60 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदूळ अमेरिकेनं द्यायचा, असा तो करार होता. 'पी. एल. 480' हे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल, आणि रेशनच्या दुकानातला तो गहूही. हा गहू भरायला जहाजं ज्या बंदरांत जात, त्यांत मिसिसिपी नदीवरचं न्यू ऑर्लिन्स हे एक मोठं बंदर. 1962 साली अब्बांचं जहाज तिथं लागलं.

गहू भरेपर्यंत सवड होती. अब्बा आणि दोन गाववाले शहर बघायला निघाले. एका गल्लीत कोळंबी तळल्याचा वास आला. महिनाभर जहाजावर काढलेली कोकणी माणसं ती, पाय आपोआप तिकडे वळले. दार ढकललं तर आत पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं. कोट घातलेला एक माणूस पुढे आला. तो ओरडला नाही, रागावलाही नाही. त्यानं फक्त बोटानं खूण केली, इमारतीला वळसा घालून मागे जा. मागे एक खिडकी होती आणि खिडकीत एप्रन बांधलेला एक काळा, मध्यम वयाचा स्वयंपाकी. समोर मोठं पातेलं रटरटत होतं. अब्बांना इंग्रजी बेताचंच. त्यांनी डुकरासारखा आवाज काढून दाखवला आणि हात हलवून 'नको' म्हटलं. तो माणूस पोट धरून हसला. त्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं, कढईत ताजी कोळंबी आणि मासे तळले, भातासकट कागदात बांधून दिले. तिघांनी नदीच्या काठावर बसून ते खाल्लं.

"त्याचं नाव विचारायचं राहिलं," अब्बा म्हणाले होते. अपमानाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

अब्बा 2009 साली गेले. गेल्या वर्षी भाच्याकडे ह्यूस्टनला गेलो, तेव्हा त्याला म्हटलं, मला न्यू ऑर्लिन्सला घेऊन चल. "मामू, तिथं काय बघायचंय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "जेवायचंय."

ह्यूस्टनपासून न्यू ऑर्लिन्स साडेपाचशे किलोमीटर. वाटेत अचाफलाया नावाची अफाट दलदल लागते. तिच्यावरचा पूल जवळजवळ 29 किलोमीटर लांब आहे. खाली काळं पाणी, पाण्यात उभी झाडं, मधूनच एखादी होडी. हा केजन लोकांचा मुलूख. ज्या हॉटेलात आम्ही जाणार होतो त्याच्या पाटीवर 'केजन आणि क्रिओल सीफूड' असं लिहिलं होतं. हे दोन शब्द जोडीनं येतात, पण त्यांचा इतिहास वेगवेगळा आहे.

केजन हा मूळचा 'अकेडियन' शब्द, बोलताबोलता झिजलेला. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या बाजूला अकेडिया नावाची फ्रेंच वसाहत होती. ती इंग्रजांच्या ताब्यात गेली. इंग्रजांनी राजनिष्ठेची बिनशर्त शपथ मागितली. शेतकरी म्हणाले, आम्ही कुणाच्याच बाजूनं लढणार नाही, आम्हाला शेती करू द्या. हे उत्तर चाललं नाही. 1755 पासून गावं रिकामी करण्यात आली, घरं जाळली गेली, दहा हजारांहून अधिक माणसं जहाजांत कोंबून चारी दिशांना पाठवली गेली. त्यांतल्या काही जणांना 1764-65 च्या सुमारास लुईझियानात थारा मिळाला, 1785 मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सुमारे सोळाशे माणसं आली. दलदलीत जे मिळेल ते त्यांनी रांधलं. गोड्या पाण्यातली इवलीशी शेवंड, जिला तिथं क्रॉफिश म्हणतात, ती गरिबाचं खाणं म्हणून त्यांच्या ताटात आली.

पुढे त्यांची भाषाही गेली. 1921 च्या राज्यघटनेनं लुईझियानाच्या शाळांत फक्त इंग्रजी ठेवली. घरी फ्रेंच बोलणारी पोरं शाळेत फ्रेंच बोलली की त्यांना शिक्षा व्हायची. 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य शंभरदा लिहून काढलेली माणसं पुढे आजोबा झाली आणि नातवंडांशी इंग्रजीत बोलू लागली. फ्रेंच टिकवण्यासाठी राज्यानं मंडळ नेमलं ते 1968 साली. मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला 'तुमची भाषा कोणती' हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो, त्यामुळे या हकिगतीपाशी मी जरा जास्त वेळ थांबलो.

क्रिओलची गोष्ट शहरातली. क्रिओल म्हणजे वसाहतीत जन्मलेला; मग तो फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी किंवा मिश्र रक्ताचा असो. न्यू ऑर्लिन्स 1718 साली वसलं आणि लगेच 1719 मध्ये गुलामांना घेऊन पहिली जहाजं आली. त्याच जहाजांतून भाताचं बियाणं आणलं होतं, आणि भातशेती जाणणारी माणसंही मुद्दाम आणवली होती. म्हणजे लुईझियानाच्या ताटातला भात गुलामांच्या हातांबरोबर आला.

गम्बो हा त्या सगळ्या प्रदेशाचा मुख्य पदार्थ. मैदा तेलात मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत भाजायचा, ही रीत फ्रेंच. दाटपणासाठी ससाफ्रास झाडाच्या वाळल्या पानांची पूड घालायची, ती चॉक्टॉ या मूळ रहिवाशांची. नाव आफ्रिकी, तिथल्या काही भाषांत 'किंगोम्बो' म्हणजे भेंडी. होय, आपली भेंडी. आणि गंमत म्हणजे काही घरांत त्यात सोडे पडतात! कोळंबी उन्हात वाळवण्याचा धंदा त्या किनाऱ्यावर चिनी आणि फिलिपिनो लोकांनी उभा केला. आमची आई वांग्यात सोडे घालायची, तो वास मला तिथं सापडला.

पण मला सतावत होतं ते दुसरंच. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीच्या प्रदेशातून मोठ्या संख्येनं माणसं पकडून लुईझियानात आणली गेली. त्या प्रदेशात इस्लाम शतकांपूर्वी पोचला होता. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी जुन्या कोर्टकचेऱ्यांच्या दप्तरांतून लुईझियानातल्या लाखाहून अधिक गुलामांच्या नोंदी गोळा केल्या. त्यांत मुस्लिम नावंही आहेत. या माणसांना शिध्यात खारवलेलं डुकराचं मांस मिळे. अब्बांना 'नको' म्हणता आलं. यांना म्हणता आलं असेल का?

गुलामगिरी कायद्यानं संपली, पण टेबल मिळालं नाही. 1892 मध्ये याच शहरातला होमर प्लेसी नावाचा क्रिओल माणूस गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. खटला वरपर्यंत गेला आणि 1896 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'वेगळं, पण समान' या नावाखाली भेदभावावर शिक्का मारला. ज्या हॉटेलांमुळे न्यू ऑर्लिन्स जगात गाजलं, त्यांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत चूल काळ्या माणसांच्या हातात होती; जेवायच्या दालनात बसायला मात्र त्यांना मनाई. लीना रिचर्ड या काळ्या बाईंनी 1939 मध्ये पाककृतींचं पुस्तक काढलं, 1949 मध्ये स्थानिक टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांचं बघून गोऱ्या बायका गम्बो शिकत होत्या. त्याच शहरातल्या बड्या हॉटेलांत लीनाबाईंना टेबल मिळालं नसतं.

आता एका माणसाबद्दल सांगतो. रूडी लोम्बार्ड. सप्टेंबर 1960 मध्ये हा विद्यार्थी तीन सोबत्यांसह न्यू ऑर्लिन्समधल्या एका दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसला. तिघं काळे, एक गोरा. खायला मिळालं नाही; अटक झाली. महापौर आणि पोलीसप्रमुख यांनी अशा आंदोलनाविरुद्ध आधीच जाहीर इशारे दिले होते. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली आणि म्हटलं की अधिकाऱ्यांचे असे इशारे म्हणजे भेदभावाचा कायदाच. 1964 मध्ये नागरी हक्क कायदा आला, तेव्हा हॉटेलांची पुढची दारं कायद्यानं उघडली. महाडच्या तळ्याची आठवण असलेल्या महाराष्ट्राला, एका पेल्यासाठी किंवा एका खुर्चीसाठी माणसं एवढी का झगडतात, हे समजावून सांगायची गरज नाही.

लोम्बार्ड मात्र तिथं थांबले नाहीत. 1978 मध्ये नॅथॅनिएल बर्टन या मुरलेल्या आचाऱ्याबरोबर त्यांनी 'क्रिओल फीस्ट' हे पुस्तक केलं. त्याचं संपादन टोनी मॉरिसन यांचं; पुढे नोबेल मिळालेल्या त्याच त्या. या पुस्तकात न्यू ऑर्लिन्समधल्या पंधरा काळ्या आचाऱ्यांची नावं आहेत, त्यांचं बोलणं आहे, त्यांच्या कृती आहेत. टेबलावर बसण्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसानं पुढे भटारखान्यातल्या माणसांची नावं लिहून ठेवली. मला हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं वाटतं. अब्बांचं राहिलेलं काम कुणीतरी केलं, असंही वाटलं.

त्या पंधरांत लिआ चेस आहेत. लग्नाआधी त्या गोऱ्यांच्या हॉटेलात वाढपी होत्या. 1946 मध्ये लग्न झालं आणि सासरचं साधं सँडविचचं दुकान त्यांनी हळूहळू पांढऱ्या चादरींच्या हॉटेलात बदललं; आपल्या माणसांनाही असं बसून जेवता यावं म्हणून. 'डूकी चेज' हे ते हॉटेल. माडीवरच्या खोलीत काळे-गोरे कार्यकर्ते एकत्र बसून जेवायचे आणि पुढच्या आंदोलनाची आखणी करायचे. गावाला हे माहीत होतं. 2005 च्या कतरीना वादळात हॉटेल पाण्यात गेलं. बाई तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. 2007 मध्ये चूल पुन्हा पेटली. 2019 मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

आम्ही जेवलो ते मात्र दुसऱ्याच एका साध्या हॉटेलात. वाढणारी मुलगी विशीतली होती. मी विचारलं, "यात डुकराचं काही आहे का?" मला आवाज काढून दाखवावा लागला नाही. ती म्हणाली, चिकनच्या गम्बोत डुकराचं सॉसेज असतं, कोळंबी-खेकड्याच्या गम्बोत बहुधा नसतं, पण आत विचारून येते. ती आत गेली आणि थोड्या वेळानं तिच्यामागून हात पुसत स्वयंपाकीच बाहेर आला. पिकल्या केसांचा काळा माणूस. त्यानं सांगितलं, मैदा तेलात भाजलाय, रस्सा कोळंबीच्या सालांचा आणि खेकड्याचा आहे, निर्धास्त खा.

मी त्याला अब्बांची हकिगत सांगितली. तो उभ्यानं ऐकत राहिला. डुकराच्या आवाजाच्या ठिकाणी हसला. मग म्हणाला, माझे वडीलही याच शहरात हॉटेलांत स्वयंपाक करायचे. कुठल्या हॉटेलात, कुठल्या साली, ते आता मला सांगता यायचं नाही. तो अब्बांचा माणूस असेल, असं मी म्हणत नाही. त्या शहरात तसे शेकडो होते. पण आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प झालो.

भाचा म्हणाला, "मामू, गम्बो निवतोय."

भात मधोमध, भोवती तपकिरी रस्सा, त्यात भेंडी. मी जेवलो. निघताना त्या स्वयंपाक्याला नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. त्याच्या परवानगीशिवाय ते इथं सांगत नाही. शेजारी त्याच्या वडिलांचंही नाव लिहून घेतलं. त्यानं ते स्पेलिंगसकट, एकेक अक्षर सावकाश उच्चारून सांगितलं. असं कुणी त्याला कधी विचारलं नसावं.