सातपुड्याचें गवत आणि तुर्कस्तानचें अत्तर

संधिवातानें आखडलेल्या सांध्यांवर चोळण्याचें औषध म्हणून रोशेल तेल जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाचें होतें. त्याचा वास प्रथम गुलाबासारखा येतो, आणि मागाहून किंचित् तिखट, गवती छटा जाणवते. परंतु गुलाबाशीं या तेलाचा कांहींएक संबंध नाहीं. तें फुलाचें नव्हे, गवताचें तेल होय. खानदेश, निमाड, मेळघाट व बैतूल या भागांतील डोंगरउतारांवर आपोआप उगवणारें जें रोशा गवत, त्याच्या तुऱ्यांत व पानांत हा सुगंध सांठलेला असतो. याच तेलानें एके काळीं गुलाबाचें सोंग घेऊन युरोपांतील श्रीमंतांच्या अत्तरदाण्यांत प्रवेश केला, ही हकीकत मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

आपल्या पूर्वजांस हें गवत नवें नव्हतें. अमरकोशांत कत्तृण, ध्याम, रौहिष अशीं त्याचीं नांवें आलीं आहेत, आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांतही त्याचा उल्लेख आहे. रोहिषाचेंच पुढें रोशा झालें.

पाश्चात्य वनस्पतिशास्त्रांत त्याचा प्रवेश एका शिपाईगड्यामुळें झाला. क्लॉड मार्टिन हा फ्रान्सांतील लियाँ शहरीं १७३५ सालीं जन्मलेला गृहस्थ इंग्रज कंपनीच्या नोकरींत शिरून लखनौस स्थायिक झाला होता. टिपू सुलतानावरील १७९०–९२ च्या स्वारींत तो सैन्याबरोबर दक्षिणेंत घाटावरच्या मुलखांत गेला असतां गुरें एका गवतावर तुटून पडतात, आणि त्यांच्या दुधालोण्यासही त्या गवताचा उग्र वास येतो, असें त्याच्या नजरेस आलें. त्यानें बीं लखनौस आणून पेरलें व कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांजकडे धाडलें. रॉक्सबर्ग यांनीं त्या गवताच्या शास्त्रीय नांवांत मार्टिनचें नांव गोंविलें, तें आजही कायम आहे.

तेल काढण्याची रीत साधी, पण कष्टाची होती. पावसाळा सरतांना गवतास तुरा आला कीं कापणी होई. ओढ्याच्या कांठीं चुलाण रचून त्यावर मोठी डेग ठेवीत, तींत गवत व पाणी भरून झांकण लिंपून घेत, आणि वाफ बांबूच्या नळीनें ओढ्याच्या थंड पाण्यांत बसविलेल्या भांड्यांत नेत. वाफ निवून पाणी झालें म्हणजे तेल वर तरंगे. जाळ अधिक झाला कीं बुडाचें गवत करपे व साऱ्या तेलास जळका वास लागे. शंभर शेर गवतापासून अर्धा शेर तेल हातीं आलें तरी तें पुष्कळ म्हणावयाचें.

हें तेल मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या वाटेनें कॉन्स्टँटिनोपल शहरीं जाई. तुर्की व्यापारी त्यास ‘इद्रिस यागी’ म्हणत. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यांत तें घुसळून उन्हांत ठेवीत. तेणेंकरून त्याचा रंग फिका पडे व उग्रपणा मावळे. नंतर कझानलिकच्या प्रसिद्ध गुलाबी खोऱ्यांत, जें १८७७–७८ च्या युद्धापर्यंत तुर्की अंमलाखालीं होतें, तेंच तेल गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडून भट्टीस लावीत, किंवा तयार अत्तरांत मिसळीत. शेरभर गुलाबतेलास तीन-चार हजार शेर पाकळ्या लागतात. तेव्हां हा मोह कां पडे, हें सांगावयास नको. युरोपच्या बाजारांत मात्र या तेलास ‘तुर्की जिरेनियम’ असें नांव पडलें!

लबाडी सफल होण्याचें कारण १८७१ सालीं उघड झालें. ऑस्कर याकोब्सेन या रसायनशास्त्रज्ञानें या तेलांतून मुख्य सुगंधी द्रव्य वेगळें काढलें. तेंच द्रव्य गुलाबाच्या तेलांतही असतें. व्यापारी नांवावरून त्यानें त्यास ‘जिरॅनिऑल’ म्हटलें. अशा रीतीनें शास्त्रीय नांव फ्रेंचाचें, व्यापारी नांव तुर्काचें आणि द्रव्याचें नांव परदेशी फुलझाडाचें. ज्या डोंगरांत गवत उगवलें व ज्यांनीं तें कापलें, त्यांची आठवण एकाही नांवांत उरली नाहीं.

तथापि सगळा दोष परक्यांचाच होता असें नव्हे. या तेलांत टर्पेंटाईन, भुईमुगाचें तेल, प्रसंगीं घासलेटही मिसळणारे व्यापारी येथेंही होते. ज्या तेलानें परक्या अत्तरांत भेसळ होत असे, तेंच घरीं भेसळीस बळी पडलें, आणि त्याची पत खालावली.

आज या गवताची शेती होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें त्याचे सुधारलेले वाणही निर्माण केले आहेत. मार्टिननें ज्या शहरीं बीं पेरलें, तेथेंच हें कार्य व्हावें हा योगायोग खरा. साबणांत व सुगंधी पदार्थांत हें तेल वापरलें जातें. बुरशी व जंतू यांस आवरण्याचा आणि डांस दूर ठेवण्याचा गुण त्यांत प्रयोगांतीं आढळला आहे. मात्र तें निव्वळ अंगास लावूं नये. खोबरेल किंवा तिळाच्या तेलांत थोडे थेंब मिसळावे, कारण जिरॅनिऑल कित्येकांच्या त्वचेस सोसत नाहीं. तें पोटांत तर घेऊंच नये. आणि विकत घेतांना बाटलीवरील नांव कांहींही असो, तेल सातपुड्याच्या रोशा गवताच्याच जातीचें व निर्भेळ आहे ना, एवढें विचारण्यास विसरूं नये. हा प्रश्न गिऱ्हाइकांनीं पूर्वींच विचारला असता, तर रोशाचें नांव रोशाकडेच राहतें.