पेशी पेशीपासूनच

रॉबर्ट हूक यांनीं १६६५ सालीं बुचाच्या पातळ कापांतले जे कप्पे वर्णिले, त्या मृत वनस्पतिपेशींच्या नुसत्या भिंती होत्या. प्राणिपेशीस अशी भिंत नसते, केवळ नाजूक पटल असतें. दोहोंचें नातें १८३९ सालीं थिओडोर श्वान यांनीं मुख्यतः केंद्रकावरून ओळखिलें. पण नवी पेशी द्रवांतून स्फटिकासारखी बनते, ही त्यांची समजूत साफ चुकीची! १८५२ सालीं बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक यांनीं पेशी विभाजनानेंच वाढतात असें प्रतिपादिलें. कीर्ति मात्र विरशॉ यांच्या १८५५ च्या लॅटिन सूत्रास लाभली. आम्हीहि वर्गांत वर्षानुवर्षें विरशॉ यांचेंच नांव सांगत आलों. रेमाक यहुदी होते. धर्मांतर न केल्यामुळें त्यांस पूर्ण प्राध्यापकपद कधींच मिळालें नाहीं.