जोखमीचे निर्णय : पौगंडावस्था, प्रौढत्व व न्यायालयीन निवड

परिणाम अनिश्चित असून त्यात गंभीर हानीचा संभव आहे, हे ठाऊक असताना केलेल्या निवडीस जोखमीचा निर्णय म्हणतात. साहस, युद्ध, व्यापार, वाहन चालविणे, गुन्हा अशा अनेक क्षेत्रांत असे निर्णय घेतले जातात. त्यांचाच एक प्रकार न्यायालयाच्या दारात उद्भवतो. मौन पाळावयाचे की कबुली द्यावयाची, माफीचा साक्षीदार व्हावयाचे की सहआरोपींबरोबर उभे राहावयाचे, कमी शिक्षेच्या मोबदल्यात गुन्हा मान्य करावयाचा की खटला लढवावयाचा, यांपैकी कोणती तरी वाट आरोपीला धरावी लागते. कृत्य करताना घेतलेला निर्णय आणि त्यानंतर कायद्यापुढे घेतलेला निर्णय, असे हे दोन वेगळे निर्णय होत. पहिल्याच्या बाबतीत कायद्याने वयाचा विचार बराच पूर्वी सुरू केला; दुसऱ्याच्या बाबतीत तो फार उशिरा झाला. पुणे शहराच्या इतिहासात हे दोन्ही निर्णय आणि त्यांतील वयाचे स्थान विशेष स्पष्टपणे दिसते.

पुणे, १८९७–९९ : १८९७ च्या प्रारंभी पुण्यात प्लेगची साथ पसरली. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीस साथरोग अधिनियम संमत झाला. त्यान्वये पुण्यात नेमलेल्या प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांनी गोऱ्या सैनिकांकरवी घरोघरची झडती सुरू केली. तीमुळे लोकांत तीव्र असंतोष माजला. २२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असताना गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. हे कृत्य दामोदर हरी चापेकर (१८६९–९८) व त्यांचे बंधू बाळकृष्ण (१८७३–९९) यांचे होते. तिसरे बंधू वासुदेव (१८८०–९९) त्या वेळी सुमारे सतरा वर्षांचे होते. मुलांना व तरुणांना जमवून शारीरिक शिक्षण देणारे एक मंडळ चापेकर बंधूंनी त्यापूर्वीच चालविले होते. समवयस्कांच्या या सहवासातच त्यांच्या पुढील धाडसाची जडणघडण झाली.

या घटनेनंतरच्या काही आठवड्यांत वेगवेगळ्या वयाच्या व प्रकृतीच्या माणसांना सरकारपुढे निवड करावी लागली. बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांच्यावर केसरीतील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. दिलगिरी व्यक्त करून प्रकरण मिटवावे, असा सल्ला काही हितचिंतकांनी त्यांना दिला. लोकांच्या मनातील आपले स्थान गमावून मिळणारी सुटका निरुपयोगी होय, अशी भूमिका घेऊन त्यांनी तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयात सहा युरोपीय ज्यूरींनी त्यांना दोषी व तीन भारतीय ज्यूरींनी निर्दोष ठरविले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्या वेळी त्यांचे वय एकेचाळीस वर्षांचे होते. याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी याच्या अगदी उलट मार्ग स्वीकारला. पुण्यातील सैनिकांच्या अत्याचारांविषयी इंग्लंडमध्ये केलेल्या विधानांना पुरावा देणे शक्य नाही, असे दिसून येताच मायदेशी परतल्यावर त्यांनी जाहीर व बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल त्यांना स्वकीयांचा रोष दीर्घकाळ सोसावा लागला. एकाने माफी नाकारली व दुसऱ्याने मागितली. तथापि तात्कालिक लाभहानीच्या हिशेबापेक्षा आपण कोणत्या तत्त्वास बांधील आहोत, या विचाराला दोघांनीही अधिक महत्त्व दिले. नातू बंधूंना मात्र १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली खटल्याविनाच स्थानबद्ध करण्यात आले. त्यांना अशी निवड करण्याची संधीही मिळाली नाही.

मारेकऱ्यांचा माग लागावा म्हणून सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. गणेश शंकर व रामचंद्र शंकर या द्रविड बंधूंनी पोलिसांना माहिती पुरविली आणि दामोदर चापेकरांना अटक झाली. ८ ऑक्टोबर १८९७ रोजी त्यांचे निवेदन नोंदविण्यात आले. घरांच्या झडतीत सैनिकांनी पवित्र स्थाने भ्रष्ट केली व मूर्ती फोडल्या, असे त्यात म्हटले होते. हे निवेदन कबुलीजबाब म्हणून धरण्यात आले. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात दामोदरांना फाशी देण्यात आली. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव चापेकर व महादेव विनायक रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. या कटात खंडो विष्णू साठे हा शाळकरी मुलगाही सामील होता. पुढे चाललेल्या खटल्यांत वासुदेव, रानडे व दरम्यान पकडले गेलेले बाळकृष्ण यांना मृत्युदंड देण्यात आला. येरवड्यातच मे १८९९ मध्ये अनुक्रमे ८, १० व १२ तारखांना त्यांना फाशी झाली. साठे अल्पवयीन असल्याने त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी देण्यात आली. एकोणीस वर्षांच्या आतबाहेरचे वासुदेव आणि त्यांच्याहून लहान साठे यांच्या वयांतील अंतर थोडे होते. परंतु एकाला फास व दुसऱ्याला तुरुंग मिळाला.

या तरुणांच्या कृत्याचा उलगडा केवळ वयाच्या आधारे करणे योग्य नाही. परकीय सत्तेविषयीचा संताप, धर्मभावना आणि बंधुप्रेम या त्यामागील प्रेरणा होत्या. दामोदर तर अठ्ठावीस वर्षांचे, म्हणजे पूर्ण प्रौढ होते. मृत्यूची शक्यता त्यांनी जाणूनच पत्करली होती. अपरिपक्वतेमुळे घेतलेली जोखीम आणि ध्येयासाठी घेतलेली जोखीम बाहेरून सारखीच दिसते. त्यांतील भेद ओळखणे हे इतिहासकाराप्रमाणे न्यायाधीशापुढीलही अवघड काम असते.

कायद्यातील वयाची मर्यादा : तत्कालीन भारतीय दंडसंहितेनुसार (१८६०) सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नसे. सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज अपरिपक्व असल्याचे दिसून आल्यास त्याला संरक्षण मिळे. त्यापुढील वयाच्या व्यक्तीस दंडसंहितेने प्रौढाप्रमाणेच जबाबदार मानले होते. शिक्षा ठरविताना दया दाखविणे न्यायाधीशाच्या इच्छेवर अवलंबून असे. नासिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या वधाबद्दल (२१ डिसेंबर १९०९) अनंत लक्ष्मण कान्हेरे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. वधाच्या दिवशी ते सतराच वर्षांचे होते. या वस्तुस्थितीने त्यांचा जीव वाचला नाही.

पुढे मुंबई इलाख्यात १९२४ चा बालक अधिनियम आणि १९२९ चा बोर्स्टल शाळा अधिनियम संमत झाले. अल्पवयीन व तरुण गुन्हेगारांना शिक्षेऐवजी सुधारणेची संधी द्यावी, हे तत्त्व त्यांनी रुजविले. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने देशभर मुलांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा वर्षांची मर्यादा ठरविली. २००० च्या अधिनियमाने ती दोघांसाठी अठरा केली. २०१५ च्या अधिनियमाने हे धोरण काहीसे बदलले. सोळा ते अठरा वर्षांच्या बालकाने घोर गुन्हा केल्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळ त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि कृत्याची परिस्थिती यांची प्राथमिक पाहणी करते. तीनंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावयाचा किंवा नाही, हे ठरते.

माफीचा साक्षीदार व कबुलीचा सौदा : सहआरोपीला माफी देऊन त्याची साक्ष घेण्याची पद्धत भारतीय फौजदारी प्रक्रियेत जुनी आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ मध्ये ती होती; २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये ती कायम आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात घडलेल्या व जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हत्याकांडात तिचे महत्त्व दिसून आले. दहा जणांचा बळी घेणारे आरोपी कला महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. त्यांचाच एक सोबती माफीचा साक्षीदार झाला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. एकाच वयाच्या, एकाच वर्गातील मित्रांपैकी कोण फासावर जाईल व कोण सुटेल, हे ठरण्यात कृत्यातील सहभागाच्या जोडीने न्यायालयापुढील निवडीचाही वाटा होता.

कमी शिक्षेच्या अपेक्षेने गुन्हा मान्य करण्याचा सौदा अमेरिकेत फार रूढ आहे. भारतीय न्यायालयांनी मात्र त्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७६) या अन्नभेसळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर टीका केली. प्रलंबित खटल्यांचा भार वाढल्याने २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत एकविसावे-अ प्रकरण घालण्यात आले. ५ जुलै २००६ पासून ते अंमलात आले. सात वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यांपुरतीच ही सोय आहे. स्त्रियांविरुद्धचे व लहान बालकांविरुद्धचे गुन्हे तिच्यातून वगळले आहेत. अर्ज स्वेच्छेने केला आहे, याची खात्री न्यायाधीशाने आरोपीशी एकांतात बोलून करून घ्यावयाची असते. अल्पवयीनांना ही तरतूद लागू नाही. २०२३ च्या संहितेतही हे अपवाद कायम राहिले. मात्र दोषारोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करण्याची मुदत तीत घालण्यात आली.

मानसशास्त्रीय उपपत्ती : सौद्याचे स्वरूप मानसशास्त्रीय दृष्ट्याही विशेष आहे. त्यात निश्चित अशी लहान हानी आणि अनिश्चित अशी मोठी हानी यांतून एकीची निवड करावयाची असते. डॅनिएल कानेमान व आमोस ट्‌व्हेर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखविल्याप्रमाणे निश्चित हानी टाळण्यासाठी माणसे पुष्कळदा मोठी जोखीम पत्करतात. वयानुसार या वागणुकीत फरक पडतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या मते बक्षिसाकडे ओढणारी मेंदूतील यंत्रणा पौगंडावस्थेच्या आरंभीच जोमदार होते, तर आत्मसंयमनाची यंत्रणा विशीनंतरही परिपक्व होत राहते. मार्गो गार्डनर व स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात वाहन चालविण्याच्या संगणकीय खेळात समवयस्क शेजारी असताना कुमारांनी अधिक धोके पत्करले. प्रौढांवर त्यांच्या उपस्थितीचा विशेष परिणाम झाला नाही.

कुमार विचारच करीत नाहीत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. व्हॅलेरी रेना यांच्या उपपत्तीनुसार ते पुष्कळदा प्रौढांहून अधिक हिशेब करतात. लाभ किती, धोका किती, याची ते बारकाईने तुलना करतात. अनुभवी प्रौढ अशा आकड्यांत न शिरता प्रश्नाचे मर्म धरतो. जीव जाण्याचा संभव असेल तर कोणताही लाभ त्याला पुरेसा वाटत नाही. रिबेका हेल्म, रेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार कबुलीच्या सौद्यास लावला. न केलेला गुन्हा मान्य करणे गैर, या तत्त्वावर प्रौढांचा निर्णय अधिक आधारलेला असतो. कुमार व तरुण शिक्षेतील सवलतीचे माप अधिक पाहतात, असे त्यांना आढळले. टॉमस ग्रिसो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ च्या अमेरिकेतील व्यापक अभ्यासातही लहान वयाची मुले अधिकाऱ्यांच्या अपेक्षेस अनुकूल अशी उत्तरे, म्हणजे कबुली व सौद्याचा स्वीकार, अधिक प्रमाणात निवडतात असे दिसून आले. गुन्ह्याच्या वेळी बेफिकीर वाटणारा मुलगा पोलीस चौकीत मात्र अतिशय आज्ञाधारक होऊ शकतो. त्याच्या कबुलीवर अधिक सावधपणे विसंबावे, असे यावरून म्हणता येते.

भारतीय पुरावा अधिनियमाने (१८७२) आमिष, धमकी वा वचन देऊन मिळविलेली कबुली आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली यांवर घातलेले निर्बंध २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहेत. मात्र हे निर्बंध सर्व वयांना सरसकट लागू असतात. अठरा वर्षे पूर्ण होताच आरोपी सौद्यास पात्र ठरतो, जरी त्याची निर्णयशक्ती त्या दिवशी एकाएकी पालटत नसली तरी. तेव्हा अठरा ते पंचवीस या वयोगटातील आरोपींना स्वतंत्र वकिलाचा सल्ला आणि विचार करण्यास पुरेसा अवधी मिळणे, हे सौद्याच्या न्याय्यतेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

१९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर भागात सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी मंजूर केलेल्या जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. तीमुळे देशभर संताप व्यक्त झाला. त्यास प्रौढ मानून खटला चालवावा, हा पोलिसांचा अर्ज जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळला. मृतांच्या आप्तांची न्यायाची मागणी आणि अपरिपक्व वयाचा विचार यांचा मेळ कसा घालावयाचा, हा १८९९ मध्ये साठे याच्या शिक्षेच्या वेळी न्यायालयापुढे असलेला प्रश्न सव्वाशे वर्षांनंतर त्याच शहरात पुन्हा उभा राहिला. १८९९ मध्ये त्याचे उत्तर न्यायाधीशाच्या दयेवर सोपविलेले होते. आता ते अधिनियमाच्या कलमांत व मंडळाच्या चौकशीत शोधले जाते.