कोळशाचा पिंजरा

क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते, रक्तवाहिनी दिसत नाही. ती दिसावी म्हणून १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट टोचू लागले. चित्र झकास येई. पण त्यातले किरणोत्सारी थोरियम यकृतात ठाण मांडून बसे अन् वीस-तीस वर्षांनी कित्येकांना कर्करोग होई.

१९८८ पासून चुंबकीय चित्रणासाठी गॅडोलिनियम आले. मोकळा सुटला तर हा धातूही विषारी. म्हणून तो रेणूत बांधून देतात. तरी २००६ मध्ये कळले, की मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना त्याचा अपाय होतो.

क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना १९८५ मध्ये कार्बनचा, म्हणजे कोळशातल्याच मूलद्रव्याचा, पोकळ चेंडू सापडला. तशा पिंजऱ्यात हा धातू कोंडण्याचे प्रयोग चालू आहेत. धातू सुटणार नाही खरा. पण पिंजरा शरीराबाहेर पडेल ना? थोरोट्रास्टने शिकवलेला हा प्रश्न आधी विचारायचा.