शाळाच गुरांमागे गेली

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा नांदेड-लातूर निजामी राज्यात होते. पुढे कोसबादला मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येईनात, तर शाळाच गुरांमागे गेली, ती कुरणशाळा.

आपल्याकडचे गुरे राखणारे पोरही काही कमी नसते. लाल कंधारी कोणती, देवणी कोणती, देवणीतही ठिपक्यांची शेवरा, काळ्या तोंडाची वानेरा, पांढरी बालंक्या, सगळे त्याला लांबूनच कळते. वर्गीकरण म्हणजे आणखी काय!

'चिमणी उड, म्हैस उड' खेळताना एकदा 'वटवाघूळ उड' म्हणून पाहावे. बोटे वर जातात, मग तो पक्षी की नाही यावरून जुंपते. निकाल लगेच देऊ नये. बहुधा कोणीतरी पिलाला दूध पाजण्याचा मुद्दा काढतो.