ओपनस्कॅप

ओपनस्कॅप : लिनक्स सर्व्हरची मांडणी एखाद्या लिखित सुरक्षा-नियमावलीबरहुकूम आहे की नाही, हे तपासणारी मुक्त स्रोत प्रणाली. प्रत्यक्ष हाताळायची असते ती तिच्यातली ‘ऑस्कॅप’ ही कमांड. टर्मिनलवर ती चालवली की नियमावलीतला एकेक नियम ती त्या यंत्रावर पडताळते, निकाल फाइलमध्ये लिहिते आणि सांगितले तर चुकलेली मांडणी दुरुस्तही करते. प्रणाली सी भाषेत लिहिलेली असून एलजीपीएल परवान्याखाली मोफत मिळते. विकासाचा मोठा भार रेड हॅट कंपनी वाहते. ऑस्कॅप व्हायरस शोधत नाही, घुसखोर पकडत नाही, नेटवर्कवर नजरही ठेवत नाही. तिचे काम हिशेबतपासनिसाचे आहे : वही आणि नियम समोरासमोर ठेवायचे आणि मेळ कुठे बसत नाही ते दाखवायचे. नियम शहाणपणाचा आहे का, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

पार्श्वभूमी : अमेरिकेत २००२ च्या फिस्मा कायद्याने सरकारी खात्यांवर माहिती-सुरक्षेची जबाबदारी टाकली. २००७ मध्ये तिथल्या अर्थसंकल्प कार्यालयाने खात्यांतल्या विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा संगणकांची मांडणी एकसारखी ठेवण्याचा आदेश काढला. आदेश काढणे सोपे होते, पण हजारो संगणकांवर तो पाळला जातो का हे हाताने तपासणे अशक्य. या गरजेतून ‘निस्ट’ या अमेरिकी मानक संस्थेने ‘स्कॅप’ हा मानकांचा संच उभा केला. त्याच्या १.० आवृत्तीचे तपशील २००९ मध्ये, १.२ चे २०११ मध्ये आणि १.३ चे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. संचातली दोन मानके इथे कळीची आहेत. ‘एक्ससीसीडीएफ’मध्ये नियम माणसाला वाचता येईल असा मांडलेला असतो : काय हवे, का हवे, गांभीर्य किती. ‘ओव्हल’मध्ये तोच नियम यंत्राने कसा पडताळायचा ते लिहिलेले असते : कोणती फाइल उघडायची, कोणती ओळ शोधायची, कोणत्या पॅकेजची आवृत्ती पाहायची. ओव्हलची सुरुवात मायटर संस्थेने २००२ मध्ये केली होती. ओपनस्कॅप हे या मानकांचे मुक्त स्रोत रूप; २०१४ मध्ये त्याला स्कॅप १.२ साठी निस्टचे प्रमाणपत्र मिळाले.

इन्स्टॉल करणे : लागणारी पॅकेजे दोन. नवख्याची गाडी अडते ती दुसऱ्यापाशी. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, अल्मा, रॉकी आणि फेडोरावर ‘ओपनस्कॅप-स्कॅनर’ हे पॅकेज डीएनएफने घेतले की ऑस्कॅप कमांड मिळते. पण तपासायचे काय, हे तिला अजून ठाऊक नसते. नियम येतात ‘स्कॅप-सिक्युरिटी-गाइड’ या वेगळ्या पॅकेजातून. डेबियनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत स्कॅनरचे पॅकेज त्याच नावाने आहे, नियमांची पॅकेजे मात्र ‘एसएसजी’ या आद्याक्षरांनी सुरू होतात. उबुंटूच्या कंपनीने आपल्या उबुंटू प्रो ग्राहकांसाठी ‘यूएसजी’ नावाचे वेगळे साधन काढले आहे. त्याच्या पोटातही ऑस्कॅपच चालते.

‘स्कॅप-सिक्युरिटी-गाइड’ या नियमांच्या भांडाराचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ साठी काढलेल्या मार्गदर्शिकेत आहे. पुढे त्याचा मुक्त प्रकल्प झाला आणि २०१८ मध्ये त्याने ‘कम्प्लायन्स ॲज कोड’ हे नाव घेतले. प्रत्येक नियम छोट्या यामल फाइलमध्ये लिहिला जातो. त्यावरून प्रत्येक लिनक्स वितरणासाठी एक मोठी एक्सएमएल फाइल तयार होते. तिला ‘डेटा स्ट्रीम’ म्हणतात. इन्स्टॉल झाल्यावर या फाइली ‘यूएसआर’ अंतर्गत ‘शेअर’, ‘एक्सएमएल’, ‘स्कॅप’, ‘एसएसजी’ या ओळीने गेल्यावर ‘कंटेंट’ फोल्डरमध्ये सापडतात. आपल्या वितरणाची आणि आवृत्तीचीच फाइल उचलायची, हे पथ्य कडक आहे. रॉकीच्या सर्व्हरवर रेड हॅटची फाइल लावली तर ऑस्कॅप कुरकुर न करता पूर्ण चालते, पण प्रत्येक नियमापुढे ‘लागू नाही’ असा शेरा पडतो. एकही नियम नापास नसल्याने कमांडचा परतावा अंकही शून्य, म्हणजे ‘सर्व ठीक’ असा येतो. रात्रीच्या वेळी स्क्रिप्टने चालणाऱ्या तपासणीत हा प्रकार महिनोन्‌महिने लक्षात न येण्यासारखा आहे.

वापर : पहिली कमांड ‘ऑस्कॅप इन्फो’. तिला डेटा स्ट्रीम दिली की त्यातली प्रोफाइले ती दाखवते. प्रोफाइल म्हणजे हजाराहून जास्त नियमांतून एखाद्या संस्थेच्या गरजेप्रमाणे निवडलेला गट. सीआयएस संस्थेच्या पहिल्या आणि दुसऱ्या पातळीचा, कार्ड-व्यवहार करणाऱ्यांसाठी पीसीआय-डीएसएसचा, अमेरिकी संरक्षण खात्याचा ‘स्टिग’, फ्रान्सच्या सायबर-सुरक्षा संस्थेचा, ऑस्ट्रेलियाचा ‘इसेन्शियल एट’ असे गट त्यात असतात. एकच नियम निरनिराळ्या प्रोफाइलमध्ये निरनिराळ्या मर्यादेने येतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ वर पासवर्डची किमान लांबी सीआयएसला १४ अक्षरे पुरते, स्टिगला १५ लागतात. त्यामुळे ‘सर्व्हर सुरक्षित आहे का’ असे ऑस्कॅपला विचारता येत नाही. कोणाच्या मते, हे आधी सांगावे लागते.

मुख्य तपासणी ‘ऑस्कॅप एक्ससीसीडीएफ इव्हॅल’ या कमांडने होते. तिला प्रोफाइलचे नाव, एक्सएमएल निकालाची फाइल, एचटीएमएल रिपोर्टचे नाव आणि शेवटी डेटा स्ट्रीम एवढे देतात. कमांड रूट अधिकाराने चालवावी, नाहीतर पासवर्डच्या छाया-फाइलीसारख्या जागा वाचता येत नाहीत आणि निकाल अर्धवट येतो. पडद्यावर नियमाचे शीर्षक, त्याची ओळख आणि निकाल असे ओळीने सरकत जातात. काही नियम क्षणात होतात. सगळी फाइलव्यवस्था पालथी घालून कोणालाही लिहिता येण्याजोग्या फाइली शोधणारे नियम मात्र लाखो फाइलींच्या सर्व्हरवर रेंगाळतात आणि मेमरीही खातात. कमी मेमरीच्या यंत्रावर कर्नलने तपासणीच मारून टाकल्याची उदाहरणे घडतात. म्हणून वेळ कामाच्या गर्दीबाहेरची निवडावी.

परतावा अंक तीन आहेत. ० म्हणजे कोणताही नियम नापास नाही, १ म्हणजे तपासणीच नीट झाली नाही, २ म्हणजे तपासणी नीट झाली पण किमान एक नियम नापास झाला किंवा अनिर्णित राहिला. शून्य नसलेला प्रत्येक अंक अपयश मानणाऱ्या सीआय पाइपलाइनी २ आल्यावर थांबतात, म्हणून तिथे १ आणि २ वेगळे हाताळावे लागतात. नियमांचे शेरेही पास-नापास एवढेच नाहीत. ‘तपासले नाही’ हा शेरा ज्या नियमाला यंत्राने पडताळण्याची सोयच नाही त्याला मिळतो. तो नियम माणसानेच पाहायचा असतो, आणि नेमका तोच ऑडिटच्या धावपळीत सुटतो.

रिपोर्टच्या वरच्या भागात शंभरापैकी गुण येतात. वरिष्ठांच्या सादरीकरणात हाच आकडा मिरवतो आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. मूळ गणनपद्धत नियमांच्या गटांनुसार वजन देत जाते; मोठ्या गटातला गंभीर नियम नापास झाला तरी आकडा फारसा हलत नाही, छोट्या गटातला किरकोळ नियम मात्र तो खाली ओढू शकतो. गुणांपेक्षा उच्च गांभीर्याच्या नापास नियमांची यादी पाहावी.

एक नियम जवळून पाहू. रूट वापरकर्त्याने एसएसएचवरून थेट लॉगिन करू नये, हा नियम बहुतेक प्रोफाइलांत आहे. ऑस्कॅप त्यासाठी एसएसएच सेवेची मांडणी-फाइल आणि तिला जोडलेल्या फोल्डरमधल्या फाइली उघडते आणि रूट-लॉगिनच्या निर्देशापुढे ‘नो’ लिहिले आहे का, हे नमुना जुळवून बघते. ओळ असली की पास. फाइल बदलली पण सेवा पुन्हा सुरू केलीच नाही, अशा वेळी चालू सेवा जुन्याच मांडणीवर रूटला आत घेत राहते आणि रिपोर्ट हिरवा दिसतो. उलटही घडते : दुसऱ्या उपायाने रूटचा रस्ता बंद केला असला तरी ओळ अपेक्षित रूपात नाही म्हणून नियम नापास. सगळेच नियम असे फाइलीवर थांबत नाहीत. कर्नलच्या काही मर्यादा चालू स्थितीतही तपासल्या जातात. कोणता नियम काय पाहतो ते रिपोर्टमध्ये त्या नियमावर क्लिक केल्यावर ओव्हलच्या तपशिलात दिसते. ते वाचायची सवय ज्याला लागली, त्याचे ऑडिटरशी होणारे वाद निम्म्यावर येतात.

दुरुस्ती : तपासणीच्या कमांडला ‘रेमेडिएट’ हा पर्याय जोडला की नापास नियमांची दुरुस्ती ऑस्कॅप तिथल्या तिथे करते. हा पर्याय चालत्या सर्व्हरवर पहिल्यांदाच वापरणे म्हणजे हाताने संकट ओढवून घेणे. केलेले बदल आपोआप मागे घेण्याची सोय तिच्यात नाही. ‘टेम्प’ फोल्डरवरून प्रोग्राम चालवायला मनाई करणारा नियम सीआयएसमध्ये आहे. तो लागू झाला की त्याच फोल्डरमध्ये स्वतःला उलगडून चालणारे इन्स्टॉलर अचानक अडतात, आणि कारण शोधायला दुपार जाते. स्टिगची मूळ आवृत्ती ग्राफिकल पडद्याची पॅकेजे काढायला सांगते, म्हणून डेस्कटॉप हवा असणाऱ्यांसाठी तिची वेगळी प्रोफाइल ठेवावी लागली आहे. काही गोष्टी तर दुरुस्त होऊच शकत नाहीत. लॉग आणि ऑडिटसाठी स्वतंत्र पार्टिशन हवे, असा नियम नापास झाला तर ते इन्स्टॉलच्या वेळीच करायला हवे होते, एवढेच रिपोर्ट सांगतो.

सुज्ञ मार्ग ‘जनरेट फिक्स’चा. ही कमांड दुरुस्ती न करता तिची स्क्रिप्ट लिहून देते, बॅशमध्ये किंवा अन्सिबल प्लेबुकच्या रूपात. आधीच्या निकालाची फाइल दिली तर नापास झालेल्या नियमांपुरतीच स्क्रिप्ट मिळते. ती वाचायची, नको ते काढायचे, चाचणीच्या यंत्रावर चालवायची आणि पुन्हा तपासणी करायची.

दूरच्या यंत्रांसाठी ‘ऑस्कॅप-एसएसएच’, कंटेनर इमेजसाठी ‘ऑस्कॅप-पॉडमन’ अशा जोडकमांडी आहेत. शेकडो सर्व्हर असतील तर फोरमन किंवा रेड हॅट सॅटेलाइटमधून वेळापत्रक लावतात.

असुरक्षित आवृत्त्यांचा शोध : ‘ऑस्कॅप ओव्हल इव्हॅल’ ही कमांड वितरकाने प्रसिद्ध केलेल्या ओव्हल फाइलीवरून कोणत्या ज्ञात त्रुटींचे पॅच राहिले आहेत ते सांगते. रेड हॅटसारखे वितरक जुन्या आवृत्तीतच नवा पॅच घालतात, त्यामुळे मूळ सॉफ्टवेअरचा आवृत्ती-क्रमांक जुना दिसतो. नुसता तो क्रमांक पाहणारे स्कॅनर इथे खोटी आरोळी ठोकतात. वितरकाची ओव्हल फाइल पॅकेजचा पूर्ण क्रमांक पाहत असल्याने असे होत नाही.

टेलरिंग आणि भारतीय नियम : कोणतीही तयार प्रोफाइल जशीच्या तशी कोणत्याच संस्थेला बसत नाही. नियम वगळणे, जास्तीचे घेणे, मर्यादा बदलणे हे सारे मूळ डेटा स्ट्रीमला हात न लावता ‘टेलरिंग’ फाइलमध्ये करतात. ती ‘ऑटोटेलर’ या कमांडने बनते. तयार प्रोफाइलच्या नावाला ‘कस्टमाइज्ड’ असे शेपूट लागते आणि तपासताना तेच नाव द्यावे लागते.

भारतात या फाइलीला खास काम आहे. ‘सर्ट-इन’ या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सायबर घटनेची खबर ६ तासांत देणे, लॉग १८० दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या, अथवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या, एनटीपी सर्व्हरशी जुळवणे बंधनकारक केले. खबर देणे हे माणसांचे काम. त्यावर कमांड नाही. घड्याळाचे मात्र तपासता येते, पण सावधपणे. सीआयएस प्रोफाइलमधला ‘क्रोनी’ या घड्याळ जुळवणाऱ्या सेवेचा नियम कोणता तरी वेळ-सर्व्हर नोंदलेला आहे एवढेच पाहतो. तो सर्व्हर कुठलाही असला तरी पास. मुंबईतल्या एखाद्या बँकेचा किंवा दलालाचा सर्व्हर सीआयएसमध्ये उत्तीर्ण होऊनही सर्ट-इनच्या या अटीत नापास असू शकतो. टेलरिंग फाइलमध्ये वेळ-सर्व्हरांची यादी असलेले मूल्य बदलले तर दुरुस्तीच्या स्क्रिप्टमध्ये योग्य नावे उतरतात. ती तशीच राहिली आहेत का, हे पाहायला वेगळी तपासणी लिहावी लागते. त्यासाठी ऑस्कॅपमध्ये ‘एससीई’ ही मानकाबाहेरची सोय आहे : नेहमीची बॅश स्क्रिप्ट लिहायची आणि तिचा निकाल इतर नियमांसारखाच रिपोर्टमध्ये घ्यायचा.

टेलरिंग फाइल गिटमध्ये ठेवण्याचा प्रघात आहे. वगळलेल्या प्रत्येक नियमामागचे कारण आणि मंजुरी देणाऱ्याचे पद कमिटमध्येच लिहिले जाते, कारण ऑडिटर रिपोर्टनंतर पहिल्यांदा मागतो तो हाच कागद.